क्षमा नाकारण्याचा अधिकार: सियुदाद रेआल, १५४५

प्रकरण कशाचं आहे

स्पॅनिश अमेरिकेतल्या मूलनिवासींची बाजू घेणारा धर्मबंधू म्हटलं की बार्तोलोमे दे लास कासास यांचं नाव निघतं. त्यांच्याबद्दल बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, विजेत्यांच्या अत्याचारांची त्यांनी लिहिलेली जळजळीत कैफियत. दुसरी, १५५०-५१ साली व्हायादोलिदमध्ये हुआन हिनेस दे सेपुल्वेदा या पंडिताशी झालेला वाद. दोन्ही गोष्टी स्पेनमध्ये, विद्वानांच्या आणि राजदरबाराच्या सावलीत घडल्या.

इथे मांडलेलं प्रकरण त्या वादाच्या आधीचं आहे आणि ते एका डोंगराळ गावात घडलं. साठी ओलांडलेले लास कासास चियापाचे बिशप म्हणून सियुदाद रेआलला पोहोचले (आजचं मेक्सिकोतलं सान क्रिस्तोबाल दे लास कासास), तेव्हा कायदा त्यांच्या बाजूचा होता. त्यावर राजाची सही होती. तरीही गावातला एकही गुलाम सुटत नव्हता. त्यांच्या हातात तलवार नव्हती, शिपाई नव्हते, पैसाही नव्हता. एकच अधिकार निखळ त्यांचा होता: पापाची क्षमा कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा. तो त्यांनी वापरला. पुढच्या वर्षभरात जे झालं ते हक्कांसाठी काम करणाऱ्या कोणालाही बारकाईने पाहण्याजोगं वाटेल, असं मला वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या घटनांची बरीचशी माहिती डोमिनिकन संघाच्या, म्हणजे लास कासास ज्या कॅथलिक धर्मबंधूंच्या संघाचे होते त्याच्याच, माणसांकडून आलेली आहे. तोमास दे ला तोर्रे हे लास कासास यांच्यासोबत आलेले धर्मबंधू, त्यांनी प्रवासाची नोंद ठेवली. अंतोनियो दे रेमेसाल यांचा इतिहास १६१९ साली, म्हणजे दोन-तीन पिढ्यांनंतर छापला गेला. काही नाट्यमय प्रसंग रेमेसाल यांच्याकडूनच कळतात, आणि ते आपल्या संघाच्या बिशपला झुकतं माप देणार हे धरूनच ते वाचावे लागतात.

पार्श्वभूमी

वसाहतीचा गाडा एन्कोमिएन्दा या व्यवस्थेवर चालत होता. एखाद्या स्पॅनिश माणसाला एक किंवा अनेक गावं नेमून दिली जात. जमीन कागदोपत्री गावकऱ्यांचीच राही, पण त्यांनी त्या माणसाला मका, कापसाचं कापड, कोको द्यायचा आणि वेठ करायची. बदल्यात त्या एन्कोमेन्देरोने गावाचं रक्षण करायचं आणि लोकांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. रक्षण कोणापासून, हा प्रश्न कोणी विचारत नसे.

याशिवाय उघड गुलामी होती. लढाईत पकडलेली किंवा गावप्रमुखांकडून ‘विकत घेतलेली’ माणसं तापलेल्या लोखंडाने डागली जात आणि बाजारात विकली जात. चियापाच्या डोंगराळ मुलखात सोन्या-चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. त्यामुळे १५२८ साली वसलेल्या सियुदाद रेआलच्या स्पॅनिश कुटुंबांची सगळी मिळकत आजूबाजूच्या त्सोत्सिल, त्सेल्ताल आणि चियापानेक लोकांच्या अंगमेहनतीतून यायची: शेतावर, ऊसाच्या घाण्यांवर, आणि पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढण्या-उतरण्यात.

लास कासास या व्यवस्थेला आतून ओळखत होते. १५०२ साली, अठरा वर्षांचे असताना ते कॅरिबियन समुद्रातल्या एस्पान्योला बेटावर आले. तिथे आणि नंतर क्युबात त्यांनी स्वतः मूलनिवासींकडून काम करून घेतलं. धर्मगुरूची दीक्षा घेतल्यावरही ते चालूच होतं. डिसेंबर १५११ मध्ये सान्तो दोमिंगोत अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मबंधूने चर्चमध्ये भर सभेत वसाहतवाल्यांना विचारलं, ही माणसं नव्हेत काय, यांना बुद्धी असलेला आत्मा नाही काय? त्या बेटावरच्या डोमिनिकनांनी मूलनिवासींना राबवणाऱ्यांना पापमुक्ती नाकारायला सुरुवात केली. अशाच एका धर्मबंधूने तरुण लास कासास यांनाही ती नाकारली. लास कासास यांनी वाद घातला आणि ते निघून गेले. मूलनिवासी मात्र त्यांनी सोडले नाहीत.

ते सुटले १५१४ मध्ये, क्युबात. काओनाओच्या कत्तलीसारखे प्रसंग डोळ्यांनी पाहून झाल्यावर आणि प्रवचनाच्या तयारीसाठी बायबल वाचताना, गरिबाच्या मालमत्तेतून दिलेल्या अर्पणाबद्दलचं वचन समोर आल्यावर. म्हणजे नकार आणि परिवर्तन यांच्यामध्ये काही वर्षांचं अंतर होतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्यानंतरची तीस वर्षं त्यांनी या एकाच कामात घातली. ती सगळीच उजळ नाहीत. १५१६ साली मूलनिवासींचं ओझं हलकं व्हावं म्हणून त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्यांना त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला आणि आफ्रिकी लोकांची गुलामीही तितकीच अन्यायाची आहे असं त्यांनी लिहून ठेवलं. पण ती सूचना त्यांची होती, आणि त्यांचं कोणतंही मूल्यमापन ती वगळून करता येत नाही.

१५३७ पासून ग्वाटेमालातल्या तुसुलुत्लान या ‘युद्धभूमी’ म्हणवल्या जाणाऱ्या मुलखात, सैनिकांना पूर्ण बंदी घालून, शांततेने धर्मप्रसार करण्याचा प्रयोग त्यांनी सुरू केला. मग स्पेनला जाऊन सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यापुढे पुरावे मांडले. त्यातून २० नोव्हेंबर १५४२ रोजी नवे कायदे जाहीर झाले. यापुढे कोणत्याही कारणाने मूलनिवासींना गुलाम करायचं नाही. मालकीचा रीतसर पुरावा नसलेले गुलाम सोडायचे. अधिकारी आणि धर्मसंस्थांकडच्या एन्कोमिएन्दा काढून घ्यायच्या. नव्या द्यायच्या नाहीत. आणि सगळ्यात झोंबणारं कलम असं की एन्कोमेन्देरो मेला की त्याची गावं वारसाकडे न जाता राजाकडे जायची.

लास कासास यांना आधी पेरूतलं कुस्को हे श्रीमंत धर्मप्रांत देऊ केलं गेलं होतं. ते त्यांनी नाकारलं आणि गरीब, अडचणीचा चियापा घेतला, कारण तुसुलुत्लान त्याला लागून होतं. ३० मार्च १५४४ रोजी सेव्हिलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्या उन्हाळ्यात चाळीसहून अधिक डोमिनिकन सोबत घेऊन ते निघाले.

पेच

वाटेतच कळून चुकलं की नव्या कायद्यांचा कर्ता म्हणून त्यांचं नाव सगळीकडे पोहोचलेलं आहे. सान्तो दोमिंगोत लोकांनी धर्मबंधूंना भिक्षा घालणं बंद केलं. काम्पेचेत त्यांना बिशप म्हणून मानायला आणि धर्मकर द्यायला नकार मिळाला. तिथून पुढे नेत असलेली एक होडी तेर्मिनोसच्या खाजणात बुडाली आणि नऊ डोमिनिकन गेले. मार्च १५४५ मध्ये लास कासास सियुदाद रेआलला पोहोचले ते थकलेले, कर्जात आणि सहकाऱ्यांच्या मृत्यूचं दुःख घेऊन.

गावाने सुरुवातीला स्वागत केलं. बिशप आला म्हणजे गावाची प्रतिष्ठा वाढते. पण ईस्टर तोंडावर आला होता. कॅथलिक नियमाप्रमाणे प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली, म्हणजे पापनिवेदन करून ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा लागतो. ज्याला तो मिळत नाही त्याच्याकडे सगळं गाव बोट दाखवतं. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश माणसासाठी ही जितकी नरकाच्या भीतीची, तितकीच अब्रूची गोष्ट होती.

लास कासास यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि भयंकर होता. गावातली जवळजवळ प्रत्येक प्रतिष्ठित व्यक्ती गुलाम बाळगत होती किंवा वेठीवर जगत होती. तेराव्या शतकातले धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनास यांच्यापासून चालत आलेली शिकवण अशी की चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय, निदान परत करण्याचा खरा संकल्प केल्याशिवाय, चोरीच्या पापाला क्षमा नाही. ही लास कासास यांची स्वतःची टूम नव्हती, धर्मशास्त्राच्या अभ्यासात शिकवलं जाणारं तत्त्व होतं. मग घरात डागलेली माणसं ठेवून गुडघे टेकणाऱ्याला क्षमा द्यायची कशी? आणि नाही दिली, तर गावात राहायचं कसं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता थांबण्याचा. नव्या कायद्यांची अंमलबजावणी हे राजाने नेमलेल्या न्यायपीठाचं काम. चियापासाठी ते ग्रासियास आ दिओस इथे, आजच्या होन्डुरासमध्ये, नुकतंच स्थापन झालं होतं. त्याचा अध्यक्ष आलोन्सो माल्दोनादो हा लास कासास यांचा जुना परिचित. तुसुलुत्लानच्या प्रयोगाला १५३७ साली त्यानेच लेखी हमी दिली होती. पण तो स्वतः बड्या एन्कोमेन्देरो घराण्याचा जावई झाला होता. थांबणं म्हणजे त्याच्या भरवशावर राहणं.

दुसरा पर्याय एकेका माणसाशी खासगीत बोलण्याचा, समजावण्याचा. लास कासास यांनी सुरुवात याच मार्गाने केली. प्रवचनांतून सांगितलं, घरी जाऊन सांगितलं. लोक ऐकून घेत आणि पूर्वीसारखंच वागत.

तिसरा पर्याय गाव सोडून डोमिनिकनांसह मूलनिवासींच्या वस्त्यांत राहायला जाण्याचा होता. त्यातून मन स्वच्छ राहिलं असतं आणि कामही सुरू झालं असतं. पण बिशपने आपलं मुख्य ठाणं सोडणं म्हणजे गुलाममालकांना मोकळं रान देणं.

चौथा पर्याय क्षमा रोखण्याचा. यातही दोन पातळ्या होत्या. प्रत्येक धर्मगुरूला स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ द्यायचा, किंवा ही पापं बिशपने स्वतःकडे राखून ठेवायची, म्हणजे बिशपच्या परवानगीशिवाय कोणीच त्यांची क्षमा देऊ शकणार नाही. लास कासास यांनी दुसरी, कडक पातळी निवडली.

पहिला निर्णय: ईस्टर १५४५

त्यांनी गावातल्या धर्मगुरूंचे पापनिवेदन ऐकण्याचे परवाने काढून घेतले. अपवाद दोघांचा: कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू, हिल किन्ताना आणि तिथलाच दुसरा धर्मगुरू, कॅनन हुआन दे पेरेरा. त्यांना पापांची एक यादी दिली. मूलनिवासींना गुलाम करणं, बाळगणं, विकणं, त्यांच्याकडून लुबाडणं ही सगळी त्यात होती. अशी प्रकरणं बिशपकडे पाठवायची.

गावाचं शिष्टमंडळ आलं. पोपनेच ही भूमी स्पेनच्या राजाला दिली आहे, बिशप त्याच्याविरुद्ध जातोय, असा दावा झाला. लास कासास हलले नाहीत.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. डीनने काही गुलाममालकांना गुपचूप क्षमा दिली आणि ख्रिस्तप्रसादही. लास कासास यांनी त्याला बोलावलं, तो आला नाही. त्याला अटक करून आणण्याचा हुकूम सुटला. डीनने आरडाओरडा केला, माणसं हत्यारं घेऊन जमली, गर्दी बिशपच्या घरात घुसली. डीन निसटला. एका माणसाने लास कासास यांना ठार मारण्याची शपथ घेतली होती. रेमेसाल सांगतात की त्याच दिवशी तो माणूस भांडणात जखमी झाला आणि लास कासास यांनी जाऊन त्याची मलमपट्टी केली. हा प्रसंग मला खरा वाटतो, कारण त्यांच्या साऱ्या लिखाणात कोणाचाही देह जखमी होण्याबद्दलची कळकळ आहे. पण पुरावा एकाच बाजूचा आहे, हे नाकारता येणार नाही.

त्यानंतर गावाने दुसरं हत्यार काढलं: उपासमार. डोमिनिकनांना भिक्षा बंद झाली. टिंगलीची गाणी रचून मुलांकडून बिशपच्या खिडकीखाली गाऊन घेतली गेली. एकदा खिडकीतून बंदुकीची गोळी आली. शेवटी धर्मबंधू गाव सोडून मूलनिवासींच्या चियापा गावात गेले. तिथल्या लोकांनी त्यांना अन्न दिलं. ज्यांच्यासाठी हे भांडण होतं त्यांनीच, आपल्या तुटपुंज्या साठ्यातून.

दुसरा निर्णय: न्यायपीठाकडे

गावात कोंडी झाल्यावर लास कासास कायद्याच्या दाराशी गेले. १५४५ च्या मध्यावर ते निघाले, वाटेत तुसुलुत्लानला भेट दिली आणि ग्रासियास आ दिओसला पोहोचले. तिथे निकाराग्वाचे बिशप अंतोनियो दे वाल्दिव्हिएसो त्यांच्या बाजूने उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये लेखी मागणी सादर झाली: नवे कायदे अमलात आणा, मूलनिवासींच्या तक्रारी ऐकण्यात धर्मसंस्थेला आडकाठी करू नका, नाहीतर धर्मबहिष्कृत व्हाल.

माल्दोनादो भडकला. भर सभेत त्याने लास कासास यांना लबाड, वाईट माणूस, वाईट धर्मबंधू, वाईट बिशप म्हटलं. रेमेसाल यांच्या मते लास कासास शांतपणे म्हणाले की मला हे सगळं मिळायलाच हवं. याच माल्दोनादोची पदासाठी शिफारस त्यांनी स्वतः केली होती.

त्याच महिन्यात, २० ऑक्टोबर १५४५ रोजी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मालिन्स शहरात सम्राटांनी नव्या कायद्यांतलं वारसाहक्काचं कलम मागे घेतलं. पेरूत याच कायद्यांविरुद्ध गोन्सालो पिसार्रोचं बंड पेटलं होतं. मेक्सिकोत पाठवलेला तपासनीस तेयो दे सान्दोव्हाल कायदा लागू न करताच थांबला होता. ग्रासियास आ दिओसमध्ये कोणालाच याची कल्पना नव्हती. बातमी पोहोचायला महिने लागणार होते. लास कासास ज्या जमिनीवर उभे राहून बोलत होते ती आधीच सरकली होती.

तरीही न्यायपीठाने एक गोष्ट मान्य केली. हुआन रोहेल या न्यायाधीशाला चियापात पाठवून वसुलीची आणि वागणुकीची तपासणी करायचं ठरलं. तेवढं घेऊन लास कासास परत निघाले.

तिसरा निर्णय: परत जाणं, आणि मग निघून जाणं

१५४५ च्या अखेरीस ते सियुदाद रेआलजवळ आले तेव्हा गावाने त्यांना आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. वाटांवर पहारा बसवला होता. पहारेकरी होते मूलनिवासी. या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त खुपणारा तपशील हा आहे. ज्यांच्या सुटकेसाठी तो म्हातारा डोंगर चढून येत होता, त्यांनाच त्याच्या वाटेवर अडसर म्हणून उभं केलं गेलं.

रात्री ते पहाऱ्यापाशी पोहोचले. पहारेकऱ्यांनी रडत त्यांचे पाय धरले. अडवलं नाही म्हणून त्यांना फटके बसणार हे उघड होतं. लास कासास यांनी त्यांना बांधून घातलं, म्हणजे आपल्यावर अचानक झडप पडली असं त्यांना सांगता यावं. पहाटे ते गावात शिरले. सभा भरली, आरोळ्या झाल्या, हत्यारं निघाली. पण काही तासांत वारं फिरलं. काहींनी माफी मागितली, भेटी आल्या, उत्सवही झाला. गावाच्या मनात नेमकं काय होतं, भीती, शरम की रोहेल येतोय म्हणून सावधगिरी, हे सांगणं कठीण आहे. बहुधा तिन्ही.

रोहेल आला. रेमेसाल यांच्या वृत्तांताप्रमाणे त्याने लास कासास यांना सरळ सांगितलं: हे कायदे तुमचे म्हणून लोकांना जास्त डाचतात, तुम्ही इथे आहात तोवर मी काही केलं तरी ते तुमच्या दबावाखाली केलं असं म्हणतील, मेक्सिको शहरात बिशपांची बैठक आहे, तिकडे जा, मला माझं काम करू द्या. १५४६ च्या सुरुवातीला लास कासास गेले. पुन्हा त्या गावात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही.

परिणाम

लगेचचा परिणाम असा की रोहेलने काही गावांची वसुली कमी केली आणि ओझी वाहायला लावण्यावर निर्बंध घातले. गुलाम सुटले नाहीत.

लास कासास यांनी या अनुभवातून मेक्सिकोत बारा नियमांची एक मार्गदर्शिका लिहिली, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी. तिचा गाभा सियुदाद रेआलच्या जखमेतून आला आहे असं मला वाटतं. मरणाच्या दारातल्या एन्कोमेन्देरोने पापनिवेदनाआधी नोटरीसमोर दस्तऐवज करून आपल्या मालमत्तेतून भरपाई करण्याचा अधिकार धर्मगुरूला द्यायचा. गुलाम तत्काळ मुक्त करायचे. ज्यांना लुटलं ते मेले असतील तर त्यांच्या वारसांना, नाहीतर त्यांच्या गावांना परत द्यायचं. आता सगळा भार गुपचूप दिलेल्या शब्दावर नव्हता, नोंदलेल्या कागदावर होता. डीनने फसवल्याचा धडा इथे दिसतो.

ही मार्गदर्शिका स्पेनमध्ये त्यांच्यावरच उलटली. विजयच अन्यायाचे असतील तर राजाचा हक्क तरी कसा उरतो, म्हणून तिच्यात राजद्रोह दिसू लागला. १५४८ साली तिच्या हस्तलिखित प्रती गोळा करण्याचा हुकूम निघाला. लास कासास १५४७ मध्येच स्पेनला परतले होते. १५५० मध्ये त्यांनी बिशपपद सोडलं आणि पुढची सोळा वर्षं, जुलै १५६६ मध्ये माद्रिदला मृत्यू येईपर्यंत, दरबारात मूलनिवासींचे वकील म्हणून ते काम करत राहिले.

गुलामांची सुटका पुढे झाली, पण दुसऱ्याच्या हातून. १५४८ मध्ये आलोन्सो लोपेस दे सेर्रातो न्यायपीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्याकडे ना बिशपपद होतं ना वक्तृत्व. त्याने कायदा हातात घेतला, मालकांकडे पुरावे मागितले, आणि ग्वाटेमालात हजारो गुलाम मुक्त केले. त्याच्या नेमणुकीमागे लास कासास यांचा दरबारातला आग्रह होता. वाल्दिव्हिएसो मात्र वाचले नाहीत. २६ फेब्रुवारी १५५० रोजी निकाराग्वाच्या एन्कोमेन्देरो घराण्यातल्या तरुणांनी त्यांची हत्या केली. लास कासास यांच्या खिडकीतून आलेली गोळी पोकळ धमकी नव्हती, हे त्यावरून कळावं.

एन्कोमिएन्दा मात्र टिकली. चियापात वसुली आणि वेठ वेगवेगळ्या रूपांत चालू राहिली. १७१२ साली त्सेल्ताल लोकांचा मोठा उठाव झाला तो त्याच ओझ्याविरुद्ध. आणि ज्या डोमिनिकन संघाला सियुदाद रेआलने उपाशी ठेवलं होतं, तोच पुढे तिथे मोठ्या जमिनींचा मालक झाला. हे लिहायला जड जातं, पण वगळता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लास कासास यांच्यावरची सर्वात परिचित टीका फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे धर्मबंधू मोतोलिनिया यांची आहे. १५५५ मध्ये सम्राटांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की हा माणूस आपला कळप सोडून निघून गेला. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. १५४६ मध्ये जाणं योग्य होतं असं माझं मत आहे. रोहेलचं म्हणणं कटू असलं तरी व्यवहाराला धरून होतं, आणि सेर्रातोची नेमणूक दरबारातूनच शक्य झाली. चूक शोधायची तर ती आधीच्या टप्प्यात, ईस्टरच्या निर्णयात शोधायला हवी.

क्षमा रोखण्याचं तत्त्व चुकलं असं मी म्हणणार नाही. गुलाम घरात ठेवून मुक्ती विकत घेता येते, असा संदेश कोणत्याही बिशपने देणं हा खरा घोटाळा ठरला असता. पेरूत पुढे अनेक विजेत्यांनी मृत्युपत्रांत मूलनिवासी गावांना भरपाई लिहून ठेवली, म्हणजे हा दबाव माणसांच्या मनावर चालतो हेही दिसलं. प्रश्न तो कसा लावला याचा आहे.

एक म्हणजे वेळ. लास कासास यांच्यावर स्वतःवर हाच उपाय झाला होता आणि तो पचायला त्यांना वर्षं लागली. त्यांना नकार मिळाला तेव्हा ते एकटे होते, समोर एकच धर्मबंधू होता, आणि नंतर विचार करायला एकांत होता. सियुदाद रेआलमध्ये त्यांनी साऱ्या गावाला एकाच आठवड्यात, एकाच वेळी, उघडपणे तोच नकार दिला. त्यामुळे एकेकट्या माणसाला जी अस्वस्थता आतून पोखरू शकली असती, तिचं रूपांतर गावाच्या एकजुटीच्या संतापात झालं. गर्दीत उभ्या माणसाला आपल्या सदसद्विवेकाशी बोलावं लागत नाही.

याला उलट बाजूही आहे आणि ती हलकी नाही. वर्षानुवर्षं वाट पाहायची तर ती कोणाच्या जिवावर? एन्कोमेन्देरोचं मन वळेपर्यंत डोंगरावर ओझं वाहणारी पाठ तीच राहते. लास कासास यांची घाई या हिशेबातून आली होती, आणि ज्याची पाठ भाजत नाही त्याने त्या घाईला नावं ठेवताना दहादा विचार करावा. तरी मधला रस्ता होता: सगळ्यात वाईट प्रकरणं आधी, म्हणजे चेहऱ्यावर डाग असलेल्यांचे मालक आणि गुलामांचे व्यापारी, वेठीच्या वसुलीचा प्रश्न रोहेलसारख्या तपासणीनंतर. सगळ्यांना एका यादीत घातल्याने छोटा मालक आणि मोठा व्यापारी एकाच बाजूला जाऊन उभे राहिले.

दुसरी गोष्ट, अंमलबजावणीची माणसं. डीनच्या हाती यादी देणं ही उघड कमजोरी होती. कॅथेड्रलचे धर्मगुरू त्याच गावाच्या दानावर जगत होते. ज्यांना नकार द्यायचा त्यांच्याच घरी ते जेवत होते. सोबत डोमिनिकन होते, ज्यांनी मनापासून हा नियम पाळला असता. पापनिवेदन फक्त त्यांच्याकडे सोपवलं असतं तर गळती झाली नसती. कदाचित कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना पूर्ण बाजूला सारणं त्यांना अपमानाचं वाटेल असा विचार झाला असावा. अपमान शेवटी झालाच, तोही अटकेच्या हुकमाने.

क्रम हा आणखी एक मुद्दा. न्यायपीठाचा न्यायाधीश गावात उपस्थित असताना नकार जाहीर झाला असता तर गर्दी बिशपच्या घरात शिरायला कचरली असती. लास कासास यांनी आधी नकार दिला आणि मग कायद्याचा आधार शोधायला शेकडो मैल गेले. दरम्यानच्या महिन्यांत धर्मबंधू उपाशी राहिले आणि गावाने पहारे बसवायला शिकून घेतलं.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याबद्दल डोमिनिकन वृत्तांत जवळजवळ गप्प आहेत. या साऱ्या प्रकरणात त्सोत्सिल, त्सेल्ताल आणि चियापानेक लोकांना काय हवंय हे कोणी विचारल्याची नोंद मला दिसत नाही. ते अन्न देतात, पहारा देतात, पाय धरतात, बोलत नाहीत. त्यांचे गावप्रमुख होते, पंचायती होत्या, वसुलीच्या तक्रारी घेऊन न्यायपीठाकडे जाण्याची ताकद होती, आणि पुढच्या दशकांत ते गेलेही. ऑक्टोबरच्या मागणीपत्रावर दोन बिशपांसोबत त्या गावांच्या प्रमुखांची साक्ष जोडली असती, तर ‘एका तऱ्हेवाईक बिशपचं भांडण’ म्हणून ते झटकणं माल्दोनादोला अवघड गेलं असतं.

त्याच गावात हे बोलणं ऑक्टोबर १९७४ मध्ये झालं. तेव्हा लास कासास यांचं जन्मवर्ष १४७४ मानलं जाई, म्हणून चियापास राज्य सरकारने पाचशेव्या जयंतीसाठी तिथले तेव्हाचे बिशप सामुएल रुईस यांची मदत मागितली. मूलनिवासी स्वतः बोलणार असतील तरच, अशी अट रुईस यांनी घातली. आधीचं वर्षभर गावोगाव बैठका झाल्या. मग सान क्रिस्तोबालमध्ये हजाराहून अधिक त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल आणि तोहोलाबाल प्रतिनिधी जमले आणि आपापल्या भाषांत जमीन, व्यापार, शिक्षण आणि आरोग्य या चार विषयांवरच्या मागण्या त्यांनी स्वतः मांडल्या.